सही जुळत नाही

माणसाला एखादा तरी छंद असावा, म्हणजे निवृत्तीनंतर तो घरच्यांच्या डोक्यावर मिरी वाटत बसत नाही, असं म्हणतात. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी गॅलरीत कुंड्या मांडून वर्षाकाठी तीन वांगी पिकवतो. मला छंद आहे तो आवडत्या पुस्तकावरून काढलेला सिनेमा बघून दुःखी होण्याचा. छंद महाग आहे. लहानपणी मुलुंडला एका पडद्याच्या थिएटरात हे दुःख पाच-सात रुपयांत मिळायचं; आता मॉलमध्ये चौघांचं दुःख, मध्यंतरातल्या मक्याच्या लाह्या धरून, दीड-दोन हजारांच्या घरात जातं. आमची ही म्हणते, "तुम्ही घरीच दुःखी व्हा ना. हवं तर मी पंखा लावून देते."

पण घरी बसून होणारं दुःख वेगळं आणि काळोखात खुर्चीच्या हातावर मूठ आपटून "असं नाहीये पुस्तकात!" म्हणताना होणारं दुःख वेगळं. त्याला पुढच्या रांगेत कुणीतरी लागतो. तो मागे वळून "शूऽऽ" करतो तेव्हा कुठे पैसे वसूल होतात.

ह्या छंदाचं मूळ माझ्या नोकरीत असावं, असा मला संशय आहे. मी बी.कॉम. (द्वितीय श्रेणी) आणि बँकेत कारकून. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं क्लिअरिंगमध्ये गेली, म्हणजे लोकांच्या सह्या जुळवण्यात गेली. खातं उघडताना माणूस कार्डावर नमुना सही करतो. पुढे तो कुणाला तरी चेक देतो. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी शेजारी ठेवायची. जुळली तर पैसे, नाही तर चेक परत. परतीच्या चिठ्ठीवर कारणं छापलेली असतात, त्यातल्या 'सही जुळत नाही' ह्या कारणापुढे खूण करायची. पूर्वी कार्डांचे खण ओढून बसावं लागे, आता कार्डही पडद्यावर आणि चेकही पडद्यावर. काम तेच. वीस-बावीस वर्षं हे केलं की माणसाला खोड लागते. लग्नाच्या पंगतीत पानात जिलबी पडली तरी मी तिचा वळसा मनातल्या नमुन्याशी जुळवून बघतो.

पुस्तकांची खातीही माझ्या डोक्यात अशीच उघडलेली आहेत. दहाव्या-बाराव्या वर्षी जे वाचलं त्याची नमुना सही तेव्हाच घेऊन ठेवली. दिग्दर्शक चेक घेऊन खिडकीशी आला की मी कार्ड काढतो.

आजवर बरेच चेक परत केले. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची. आमच्या कॉलेजात तिची पारायणं करणारे लोक होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या डोक्यातला दिग्या वेगळा असला तरी तो सिनेमातल्यासारखा नव्हता ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. २०१३ साली संजय जाधवांचा सिनेमा आला आणि थिएटरं तुडुंब भरली. मी आपला परतीची चिठ्ठी हातात घेऊन उभा, तोवर चेक वटून पैसे गेलेसुद्धा! २०१८ साली 'तुंबाड' आला. मी श्री. ना. पेंडशांचा वाचक, 'तुंबाडचे खोत' मला तोंडपाठ. सिनेमाभर मी खोतांची वाट बघत बसलो. खोत आलेच नाहीत. नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं आणि भीती नारायण धारपांच्या कथेवरून. तीही वाचून घेतलेली नव्हे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांनीच सांगितलंय की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात त्यांच्या एका मित्राने ती गोष्ट त्यांना तोंडी सांगितली होती. तोंडी! आमच्याकडे तोंडी व्यवहार चालत नाहीत. सिनेमा मात्र असा झाला होता की मी रात्री पाणी प्यायलासुद्धा एकटा उठलो नाही. पण तो मुद्दा वेगळा.

खरी जखम फास्टर फेणेची.

भा. रा. भागवतांचा फाफे ज्यांच्या बालपणात नव्हता त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्या भवनात शिकणारा, अंगाने काडी, बुडाखाली सायकल आणि जिभेवर 'ट्टॉक'. कुणी म्हणेल, ही काही उडत्या गालिच्याची किंवा राक्षसाच्या पोटातल्या पोपटाची गोष्ट नव्हे. मी म्हणतो, आहे. सबंध सुट्टी पोरगं गुंडांच्या मागे सायकल पिटाळतंय आणि त्याला कुणी अभ्यासाचं विचारत नाही, ह्याहून अद्भुत असं काही आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत कुणी ऐकलं नव्हतं. भागवतांनी ज्यूल व्हर्नची चंद्रावरची स्वारीही मराठीत आणली. मला ती फाफेपेक्षा कितीतरी शक्य कोटीतली वाटायची. चंद्रावर जाण्यासाठी आईची परवानगी लागत असल्याचा उल्लेख तरी कुठे नव्हता.

फाफेची पुस्तकं बाबा आणायचे, महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयातून. ते एल.बी.एस. मार्गावरच्या एका कारखान्यात होते. पहिली पाळी. पहाटे पाचला उठून सायकलवरून जायचे, चारला परत, आणि रात्री जेवणं झाली की मी त्यांच्या कुशीत शिरून फाफे वाचून घ्यायचा. मला स्वतःला वाचता येत होतं. पण आपण वाचलं की गोष्ट संपते लवकर.

दूरदर्शनवर फास्टर फेणे आला, सुमीत राघवनचा, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांच्या खिडकीला लटकून जेवढा दिसला तेवढा पाहिला. गजांमुळे मुखत्वे डावी बाजू दिसायची. तेवढीही जुळत नव्हती.

आणि मग २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मोठ्या पडद्यावरचा 'फास्टर फेणे' लागला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फाफे झालेला अमेय वाघ. मी पहिल्याच रविवारी सहकुटुंब हजर. लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिला मी आदल्या आठवडाभर तयार केलं होतं, म्हणजे ट्टॉक करायला शिकवलं होतं. वर्गात करून तिने एक तास बाहेर उभं राहण्याची शिक्षाही मिळवली होती. एवढी पूर्वतयारी मुंजीला करत नाहीत.

पडद्यावर बघतो तर फाफे मोठा झालेला! शाळकरी पोर नव्हे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला आलेला घोडा. म्हणजे ज्याला मतदानाचा हक्क आहे असा इसम. अशाने गुंड पकडले तर त्यात नवल ते काय? नागरिकाचं कर्तव्यच आहे ते. माझ्या डोक्यात परतीच्या चिठ्ठीवर भराभर खुणा पडत होत्या. दिलीप प्रभावळकरांना तर खुद्द भा. रा. भागवतच केलेलं. म्हणजे ज्याच्या लेखणीतून फाफे उतरला तो लेखक फाफेला आपल्याच घरात राहायला जागा देतो! खातेदाराने आपल्याच चेकवर साक्षीदार म्हणून सही करावी, तसं.

सिनेमा वाईट होता का? नव्हता हो, तीच तर पंचाईत. लेक खुर्चीच्या टोकावर बसून बघत होती. गिरीश कुलकर्णी पडद्यावर आले की माझ्या दंडाला तिची नखं रुतत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, काय भारी होता ना!"

आणि मी, चांगला चाळिशीतला माणूस, तिला म्हणालो, "कुलूप कुठे ओढलं त्याने?"

"कुठलं कुलूप?"

मग मी तिला मॉलच्या सरकत्या जिन्यावर समजावून सांगितलं. खरा फाफे सायकल लावताना कुलूप घालतो आणि मग ते ओढून बघतो. एकदा नाही, तीनदा. गुंड समोरच्या गल्लीत शिरत असला तरी. आधी तीन हिसके, मग ट्टॉक, मग पाठलाग. त्याचं नाव फास्टर, पण कुलपाच्या बाबतीत तो सावकाश. हीच तर त्याच्या स्वभावातली गंमत! हे ज्यांना कळलं नाही त्यांना फाफे काय कळला? लेकीचा चेहरा जिना खाली येता येता उतरत गेला, आणि पार्किंगपाशी पोचलो तोवर तिलाही सिनेमा फारसा आवडला नव्हता. त्या वेळी मला त्याचं समाधान वाटलं होतं, हे इथे नमूद करून ठेवतो.

पुढे सात-आठ वर्षं मी ही कुलपाची तक्रार सगळीकडे केली. बँकेच्या कॅन्टीनमध्ये, मुलुंड-सीएसएमटी लोकलमध्ये, कालिदास नाट्यमंदिरात मध्यंतराच्या बटाटेवड्याच्या रांगेत. लोकांना पटायची. तक्रार बारीक असली की माणूस जाणकार वाटतो.

आता प्रश्न असा की, मला तक्रार करण्याचा अधिकार काय? मी कॉमर्सचा माणूस, तेव्हा प्रकरण करार कायद्याखाली तपासून पाहिलं. विश्वासघात झाला म्हणायचं तर आधी कुणीतरी वचन दिलेलं पाहिजे. लेखकाने मला वचन दिलं होतं का, की बाबा रे, तुझा फाफे कुणी मोठा करणार नाही? नव्हतं. मी मोबदला काय दिला? वाचनालयाची महिन्याची वर्गणी, तीही बाबांनी. बिनमोबदल्याचा करार कलम २५ खाली रद्दबातल. निर्मात्याने मला तिकीट विकलं ते सिनेमाचं. माझं बालपण पडद्यावर जसंच्या तसं दाखवू असं तिकिटामागे छापलेलं नव्हतं. मी उलटून पाहिलं. तरीही आत कुठेतरी दुखतं, आणि ते दुखणं खोटं नाही. आपल्या आळीतलं घर पाडून तिथे टॉवर झाला की आपण मालक नसूनही हळहळतोच ना? मात्र हळहळणं वेगळं आणि टॉवरमध्ये राहायला आलेल्या पोराला "हे काही खरं घर नव्हे" म्हणून रडवणं वेगळं. हा फरक मला सुचला फार उशिरा. तोवर माझं रडवून झालं होतं.

करार कायदा १८७२ सालचा. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला तो लागू झाला आणि २ ऑक्टोबरला ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या पैजेवर लंडनहून निघाला. आपल्याकडे पैजेचा करार कलम ३० खाली रद्द. फॉगने पैज मुंबईत लावली असती तर एक छदाम वसूल झाला नसता. तो मुंबईला बोटीतून उतरला आणि आगगाडीने कलकत्त्याकडे गेला, म्हणजे ठाण्याच्या वाटेने, म्हणजे आमच्या मुलुंडवरूनच. थांबला नाही. फास्ट असावी.

ह्या फॉगवरून आमच्या काउंटर नंबर तीनशी माझं एकदा भांडण झालं. (नाव सांगत नाही. आम्हाला अजून एकत्र डबा खायचा आहे.) तो म्हणाला, फॉग बलूनमधून जातो. मी म्हटलं, फॉग आगगाडीत बसतो, आगबोटीत बसतो, हत्तीवर बसतो, बर्फावरून शिडाच्या घसरगाडीत बसतो, पण सबंध पुस्तकात बलूनमध्ये बसत नाही. बलून १९५६च्या सिनेमावाल्यांनी आणलं. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं आणि बलून असं काही लोकांच्या डोक्यात बसलं की पुढे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही तेच आलं. काउंटर तीन म्हणाला, "मी वाचलंय. बलून आहे." मी दुसऱ्या दिवशी पुस्तक आणून दाखवलं. त्याने ते चाळलं आणि म्हणाला, "ही आवृत्ती वेगळी असेल."

त्या दिवशी मी घरी येऊन हिला म्हणालो, "लोकांना आपण काय वाचलं आणि काय पाहिलं ह्यातला फरक कळत नाही." हे वाक्य मी म्हटलं होतं, लक्षात ठेवा.

तसं पाहिलं तर आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच मुळाबरहुकूम नसण्यापासून झाली. १९१३ साली गिरगावात कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. गोष्ट घराघरांत माहीत असलेली, आणि राणी तारामती कोण? तर अण्णा साळुंके, पुरुष. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तेच साळुंके राम आणि तेच सीता. आता रामायण मुखोद्गत असलेल्या एखाद्या आजोबांनी तिथे काय करावं? कुठल्या खिडकीवर जाऊन नमुना सही दाखवावी? पण लोकांनी पडद्यासमोर हात जोडले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींचं पुस्तक म्हणजे रात्रीमागून रात्री सांगितलेल्या आठवणी, बेचाळीस रात्री. त्या सगळ्या दोन-अडीच तासांत कशा बसतील? बऱ्याच गळल्या. माझ्या आईने तो सिनेमा लहानपणी पाहिला. तिला गळलेल्या रात्रींविषयी विचारलं तर म्हणते, "मला काही दिसतच नव्हतं. मी रडत होते."

माझ्या बाजूनेही एक भारदस्त साक्षीदार आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉलकीनचे चिरंजीव ख्रिस्तोफर. त्या पुस्तकावरच्या सिनेमांना सबंध जगाने डोक्यावर घेतलं, पण ह्या गृहस्थांनी २०१२ साली एका फ्रेंच दैनिकाला मुलाखत देऊन आपली नाराजी जाहीर केली. मी ते वाचून टाळी वाजवली होती. पण ह्यांची लहानपणची एक हकिगत अशी आहे. वडील रात्री मुलांना 'हॉबिट'ची गोष्ट सांगायचे. पुस्तक अजून व्हायचं होतं. ते आलं १९३७ साली. चार-पाच वर्षांच्या ख्रिस्तोफरने एका रात्री हरकत घेतली, की मागच्या वेळी बिल्बोच्या घराचं दार निळं होतं, आज हिरवं कसं? आणि अमक्याच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता तो रुपेरी कसा झाला? वडील करवादले, आणि उठून त्यांनी टिपून ठेवलं. म्हणजे बघा, चार-पाच वर्षांच्या वयात क्लिअरिंगला बसलेला माणूस! पुढे दार छापलं गेलं ते हिरवंच. निळ्या दाराचं काय झालं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत टीव्हीवर 'फास्टर फेणे' लागला. मी सवयीने म्हणालो, "कुलूप ओढत नाही, बघ." लेक आता सतरा वर्षांची आहे, कॉमर्सला आहे, आणि तिला लेखापरीक्षणात गती आहे हे माझं दुर्दैव. ती म्हणाली, "कुठल्या पुस्तकात आहे ते? पान दाखवा."

आमच्याकडे फाफेचा वीस पुस्तकांचा संच आहे. मीच तिच्या दहाव्या वाढदिवसाला आणलेला. मी रुबाबात पहिलं पुस्तक काढलं. मग दुसरं. रात्री साडेअकराला मी अकराव्या पुस्तकात होतो आणि रुबाब कमी झाला होता. लेकीने उरलेली नऊ घेतली. पेन्सिल घेऊन, ओळीवर बोट ठेवून. भाऊबिजेच्या संध्याकाळी तिने अहवाल सादर केला. सायकल भरपूर ठिकाणी. ट्टॉक भरपूर ठिकाणी. कुलूप ओढून बघणे: आढळले नाही.

"तुम्ही आठ वर्षं सांगताय," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आवृत्ती वेगळी असेल. आणि म्हणता म्हणताच मला काउंटर तीनचा चेहरा आठवला.

आई आत देवापुढची सांजवात करत होती. तिला ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चालतो. ती बाहेर येऊन म्हणाली, "ते पुस्तकात कुठून असणार? ते ह्यांचं होतं."

"कुणाचं?"

"तुझ्या बाबांचं. पहाटे पाचला उठणारा माणूस, रात्री दहाला वाचणार किती? दोन पानं झाली की डोळे मिटायचे. पुस्तक छातीवर. दिवा मीच मालवायची. पण थांबले की तू हलवून उठवायचास, मग डोळे मिटूनच सांगत राहायचे काहीतरी. फेणे आपला चाललेला असायचा."

"पण कुलूप?"

"पहिली सायकल चोरीला गेली ना त्यांची. स्टेशनाबाहेरून. तू दोन वर्षांचा असशील. हप्ते फिटायचे होते तिचे. दुसरी घेतली तेव्हापासून तीनदा ओढून बघायचे. मी हसायची."

ते मलाही आठवतंय. बाबा जिन्याखाली सायकल लावायचे, कुलूप घालायचे आणि तीन हिसके द्यायचे. खट्, खट्, खट्. वर गॅलरीत तो आवाज आला की समजायचं, चार वाजले. पण मला वाटायचं, बाबा फाफेची नक्कल करतात! इतका मोठा माणूस फाफेसारखं करतो ह्याचं मला केवढं कौतुक वाटायचं. शाळेत सांगितलंही होतं मी.

बाबा २०११ साली गेले. सिनेमा त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर आवडला असता, असं आई म्हणते. त्यांना सगळेच सिनेमे आवडायचे, कारण निम्मे ते झोपेतच बघायचे.

त्यानंतर आठवडाभर मी पुस्तकं पुन्हा वाचली. कुलूप शोधायला नव्हे. बाबा कुठे वाचत होते आणि कुठे सांगत होते, ते बघायला. पहिली दोन-तीन पानं ओळखीची. मग मला आठवत असलेली वाट एकीकडे आणि भागवतांची दुसरीकडे. माझ्या आठवणीत फाफे एकदा पावसात रेल्वेफाटकापाशी खोळंबतो आणि डब्यातली पोळी-भाजी खाऊन घेतो. पुस्तकात नाही. एका गुंडाचे आठवड्याचे पैसे मुकादमाने कापलेले असतात म्हणून तो गुंड होतो. तेही नाही. भागवतांच्या कथानकाला भोकं पाडून कुणीतरी आत आपला दिवस सरकवून दिला होता, आणि ज्याची सही म्हणून मी चाळीस वर्षं कार्ड जपलं, त्यावर दोघांच्या सह्या होत्या. संयुक्त खातं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बँकेत मधे एक पेन्शनर आजोबा आले होते. त्यांचा चेक माझ्याच खिडकीतून परत गेला होता, त्याच कारणाने. हात थरथरतो त्यांचा. कार्डावरची सही १९८९ची, झोकदार, शेवटी शेपटी मारलेली. त्यांनी ती पडद्यावर पाहिली आणि बराच वेळ बघतच राहिले. म्हणाले, "छान सही होती हो माझी." मग साहेबांसमोर नवा नमुना दिला. मी जुना रद्द केला. नियमच आहे तसा, आणि नियम चुकीचाही नाही, पण बटण दाबताना मी थोडा रेंगाळलो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी "काय झोपला काय?" म्हणालं.

एक स्पष्ट करतो. माझं बाकीचं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. फाफे शाळकरीच हवा होता. पोराने मोठ्यांना हरवलं पाहिजे, मोठ्याने मोठ्यांना हरवण्याचे सिनेमे पुष्कळ आहेत. बाबांनी गोष्ट बदलली ती एका श्रोत्यासाठी, झोपेत, आणि तिकीट न लावता. त्यांच्यात आणि चित्रपटसृष्टीत एवढा फरक मला ठेवलाच पाहिजे. फक्त कुलपाचा आरोप खोटा होता. आणि आरोप खोटा निघाला की ज्यांच्या ज्यांच्याकडे केला त्यांना सांगणं आलं, हे निदान बँकेत तरी आम्ही पाळतो. चुकीची नोंद उलट नोंद करून दुरुस्त करायची.

लेकीपासून सुरुवात केली. तिला म्हटलं, त्या दिवशी जिन्यावर मी तुझा सिनेमा उगाच खराब केला. ती म्हणाली, "मला तर तो कुलपाचा भागच जास्त आठवतो." हे तिने चांगल्या अर्थाने म्हटलं की वाईट, ते मी विचारलं नाही. लोकलमधल्या मंडळींना सांगितलं. त्यातल्या दोघांना मी कधी काही बोललो होतो हेच आठवत नव्हतं. राहिला काउंटर तीन. तो सर्वांत महत्त्वाचा, कारण माझी तक्रार उचलून त्याने ती दोन शाखांत आणि बायकोच्या माहेरी पोचवली होती.

डबा खाताना मी विषय काढला. म्हटलं, "ते फाफेचं कुलूप आठवतं? तीनदा ओढायचं? पुस्तकात नाहीये ते. मी वीसच्या वीस पाहिली. माझी चूक झाली."

त्याने लोणच्याची फोड बाजूला ठेवली आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"नाही कसं? आहे. मी स्वतः वाचलंय लहानपणी."

"तू?"

"तिसरीत. घाटकोपरला मामाकडे. पावसात फाटकापाशी थांबतो तेव्हा. आधी कुलूप ओढतो, मग डबा उघडतो."

फाटकाचं मी त्याला कधी सांगितलं होतं का, ते मी आठवत राहिलो. सांगितलं असेल. आठ वर्षांत माणूस काय काय सांगतो.

"कुठल्या पानावर?" मी विचारलं.

"पान कसं लक्षात राहील?" तो म्हणाला, आणि पुन्हा पोळीकडे वळला. मग दोन घास झाल्यावर म्हणाला, "पण डावीकडच्या पानावर आहे. खालच्या बाजूला. शेजारी चित्र आहे बघ कुलपाचं."